पाऊस कड्यावर, द्राक्षं पायथ्याशी: भंडारदरा ते नाशिक, गाडीने चार दिवस

ऑगस्टात घाटघरच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की पाऊस वरून पडत नाही, दरीतून वर येतो. छत्री उलटी होते आणि चष्मा कितीही पुसला तरी उपयोग नसतो. फेब्रुवारीत दिंडोरीच्या एखाद्या द्राक्षबागेत जाऊन उभे राहा. चपलेवर बसलेली धूळ संध्याकाळपर्यंत जात नाही आणि वेलीच्या बुंध्याशी ठिबकच्या नळीतून पडणाऱ्या थेंबांएवढीच काय ती ओल. या दोन जागांमधलं अंतर गाडीनं सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे.

इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, नाशिक शहरात ७०० च्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो, आणि पूर्वेला कोरडा, उन्हाचा, थंड रात्रींचा हिवाळा उरतो. द्राक्षाला हवा असतो तो नेमका हाच. पाणी लागतं ते डोंगराच्या कुशीतल्या धरणांमधून येतं. म्हणून माझा आग्रह असतो की ही सहल डोंगराकडून बागांकडे करावी. आधी पाणी कुठे पडतं ते पाहावं, मग ते कुठे पोचतं ते. उलट दिशेनं केली तर वाइनरी म्हणजे नुसतं उपाहारगृह वाटतं आणि भंडारदरा म्हणजे नुसतं धरण.

हे लिखाण ठाणे-मुंबईकडून पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेऊन डोंगरात निघणाऱ्यांसाठी आहे. आमच्याकडे गाडी मी चालवते, त्यामुळे सांगणार आहे तेही चाकामागे बसून दिसतं तसंच.

आधी महिना ठरवा

द्राक्ष तोडणी पाहायची असेल तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जा. तेव्हा डोंगर पिवळा पडलेला असतो, धबधबे आटलेले असतात, पण आकाश स्वच्छ आणि रस्ते कोरडे. नवख्या चालकासाठी मी हाच काळ सुचवेन.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा दुसरा चांगला काळ. कड्यांवर सोनकी फुललेली असते, धरण भरलेलं असतं. बागेत मात्र त्या वेळी द्राक्षं नसतात, छाटणी चालू असते.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटघर-रतनवाडीचा पाऊस काय असतो ते या भागाला ‘नगरची चेरापुंजी’ का म्हणतात यावरून समजून घ्या. दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, रस्त्यावर दगड येतात. घाटात निदान दोन-तीनदा गाडी चालवल्याशिवाय त्या दिवसांत जाऊ नका. पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, इथे हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाच्या झाडांवर लाखो काजवे चमकतात. ते पाहायला शनिवार-रविवारी इतक्या गाड्या येतात की त्यांच्या दिव्यांनी काजवेच विझतात. जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, गाडी गावातच लावा, हेडलाइट बंद करा आणि वनखात्यानं ठरवलेल्या वेळा पाळा. गवतात गाडी घालू नका, काजव्यांच्या माद्या तिथेच असतात.

गाडीची तयारी

चार गोष्टी निघण्याआधी तपासून घ्या: टायरची नक्षी, स्टेपनीतली हवा, ब्रेक पॅड, कूलंट. पावसाळ्यात वायपरचे रबर नवे टाका. जॅक आणि पाना गाडीत आहे ना हे डिकी उघडून डोळ्यांनी पाहा. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. घोटीत टाकी पूर्ण भरून घ्या आणि रोख रक्कमही तिथेच काढा, कारण धरणाच्या भोवतालच्या रस्त्यावर पेट्रोल पंप नाही. घाटघर, साम्रद भागात मोबाइलची रेंज जाते-येते. नकाशा आधीच डाउनलोड केलेला हवा आणि राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता कागदावर.

पहिला दिवस: कसारा, घोटी, शेंडी

पहाटे साडेपाचला ठाण्यातून निघा. शहापूरच्या आसपास चहा-नाश्ता उरकला की नऊच्या सुमाराला घोटीत पोचता येतं.

आता इगतपुरीला जायला दोन वाटा आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यातल्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट लागतच नाही. तरीही जाताना जुना मुंबई-आग्रा रस्ताच घ्या, असं मी सांगेन. सकाळी डोकं ताजं असतं, कसारा घाट रुंद आहे, चढणीची आणि उतरणीची वाट वेगळी आहे. पुढे भंडारदऱ्याच्या अरुंद रस्त्यांवर जे लागणार त्याची तालीम इथे होते. परतीच्या वेळी थकलेलं असताना समृद्धी आहेच.

घाटात चालवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. पहिल्यांदा नाशिकहून येताना मी कसारा घाट उतरत होते आणि पाय ब्रेकवरून काढलाच नाही. अर्ध्यावर करपल्यासारखा वास यायला लागला, पेडल मऊ पडलं, दाबलं की खोल जायला लागलं. सुदैवानं कडेला जागा मिळाली. तिथेच थांबलेल्या एका ट्रकवाल्या काकांनी चाकांकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक फक्त वळणाला.” अर्धा तास गाडी थंड होऊ दिली. चाकांवर पाणीही मारू दिलं नाही त्यांनी, तापलेली डिस्क पाण्यानं वाकते म्हणून. तेव्हापासून मी उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच असते. इंजिन गाडीला धरून ठेवतं, पाय मोकळा राहतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर तिच्यात खालचा गिअर धरून ठेवायची सोय कुठे आहे ते घरीच पाहून ठेवा. न्यूट्रलमध्ये उतार कधीही उतरू नका.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि शहाणपणही. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा. धुक्यात अप्पर मारला तर प्रकाश धुक्यावर आपटून डोळ्यांतच येतो. लोअर आणि फॉग लॅम्प लावा. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवायची सवय अनेकांना आहे, पण त्यामुळे तुम्ही वळणार आहात की थांबला आहात हे मागच्याला कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठीच.

घोटीच्या बाजारपेठेतून महामार्ग सोडून भंडारदऱ्याचा रस्ता धरा. साधारण ३५ किलोमीटर. भातखाचरं संपत जातात आणि डाव्या-उजव्या हाताला डोंगर जवळ येतात. बारी गावापाशी मान वर करा, ते कळसूबाई. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, माथ्यावर देवीचं छोटंसं मंदिर. चढायचं असेल तर एक दिवस जास्तीचा धरा. चार तास गाडी चालवून लगेच लोखंडी शिड्या चढायला जाऊ नका.

मुक्काम धरणाजवळच्या शेंडी गावात किंवा काठच्या दुसऱ्या एखाद्या गावात घरगुती करा. पुणेकरांनी संगमनेर-अकोले-राजूर असं यावं, त्यांना वाटेत रंधा धबधबा लागतो. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. गावठी बियाण्यांची बँक उभी केल्याबद्दल २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. इथे ताटात येणारा तांदूळ, वरई, वाल कोणत्या वाणाचा आहे हे म्हणूनच विचारून पाहा. लोक आनंदानं सांगतात.

दुसरा दिवस: धरणाची प्रदक्षिणा

हा या सहलीचा गाभा आहे. विल्सन धरण, म्हणजेच भंडारदऱ्याचं धरण, १९२६ मध्ये प्रवरा नदीवर बांधून झालं. त्याच्या जलाशयाभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी असा पन्नासेक किलोमीटरचा फेरा होतो. नकाशा दोन तास दाखवेल. तुम्ही अख्खा दिवस द्या.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, १९८६ मध्ये जाहीर झालेला. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते, ती परत येईपर्यंत जपून ठेवा. माकडांना काही खायला घालू नका. गाडीत मोठ्यानं गाणी लावू नका. खिडक्या उघड्या ठेवून हळू गेलात तर पाखरं ऐकू येतात, आणि नशीब असेल तर शेकरूचा कर्कश आवाजही.

घाटघरला आधी पोचा, सकाळी नऊच्या आत. कोकणकड्याच्या रेलिंगपाशी उभं राहिलं की पायाखाली जमीन एकदम संपते आणि खाली कोकण पसरलेलं दिसतं. इथे पाण्याची वाटणी डोळ्यांनी दिसते: कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब प्रवरेत, तिथून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. चार पावलं पलीकडे पडलेला अरबी समुद्रात. मुलं बरोबर असतील तर त्यांना इथे थांबवून हे सांगाच.

जेवण घाटघर किंवा साम्रदला एखाद्या घरी घ्या, पण सकाळीच सांगून ठेवा. इथे कुणी जेवण करून वाट पाहत बसत नाही, सांगितलेल्या माणसांपुरतंच चूल पेटते. आम्हाला साम्रदला एका मावशींनी नागलीची भाकरी करून घातली. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढली, पाण्याचा हात लावून परातीत मळली, तव्यावर टाकून वरून ओला हात फिरवला आणि शेवटी चुलीच्या निखाऱ्यावर उभी केली. ती टम्म फुगली. बरोबर पिठलं, लसणाचा ठेचा. मावशींनी पैसे सांगितले ते इतके कमी होते की आम्ही जास्त दिले. तुम्हीही द्या. रस्ते, वीज, बाजार सगळंच इथे उशिरा पोचलंय आणि बहुतेक घरं महादेव कोळी किंवा ठाकर समाजाची, वर्षाला भाताचं एकच पीक घेणारी आहेत.

साम्रदजवळची सांदण दरी म्हणजे जमिनीला पडलेली अरुंद, खोल चीर. पावसाळ्यात तिच्यात पाऊलसुद्धा टाकू नका. इतर वेळी गावातला वाटाड्या घेऊनच उतरा. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर मात्र निवांत पाहा. हजार वर्षांहून जुनं, काळ्या दगडाचं, आणि मागे रतनगडाचं नेढं आकाशात भोकासारखं दिसतं. मंदिराजवळच्या पुष्करणीतल्या कोनाड्यांमधल्या मूर्ती बहुतेक जण न बघताच गाडीत बसतात. पाच मिनिटं जास्त थांबा.

सूर्य मावळायच्या आत मुक्कामी या. अंधार पडला की गुरं रस्त्यावर बसलेली असतात आणि बिबट्यांचा वावर आहे.

तिसरा दिवस: घोटीकडून बागांकडे

आज रस्ता कमी आणि बदल जास्त. घोटीला परत येऊन मुकणे धरणाच्या बाजूला कावनई-सांजेगावकडे वळा. इथे ग्रोव्हर झम्पा आणि व्हॅलोने या वाइनरी आहेत. डोंगर अजून पाठीशीच असतात आणि समोर द्राक्षाच्या ओळी. फेरी आणि चव घेण्याची वेळ फोनवर ठरवूनच जा. मुक्कामाला नाशिक.

चौथा दिवस: गंगापूर आणि दिंडोरी

बागेत पाय ठेवण्याआधी दोन शब्द शिकून घ्या: खरड छाटणी आणि गोडी छाटणी. थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपी जाते आणि वर्षाला एकदा छाटली की काम होतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ती काडी तयार होण्यासाठी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतो, ती घडासाठी. गोडी छाटणीनंतर ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की केवडा येतो, उशिरा थंडी-धुकं पडलं की भुरी. दोन्ही वेलीचे रोग. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये द्राक्षवाल्याच्या घरात आभाळाकडे बघत कशा रात्री जातात हे नाशिक जिल्ह्यात कुणालाही विचारा.

खायची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं रस्त्यावरूनच ओळखू येतात. थॉमसन, सोनाका, शरद या खायच्या जातींच्या बागा मांडवावर किंवा वाय आकाराच्या तारांवर, डोक्याएवढ्या उंच. वाइनची बाग कुंपणासारखी, कमरेएवढी, ओळीत उभी. दिंडोरीजवळ एका बागायतदार दादांनी आम्हाला वाइनच्या शिराझ जातीचा एक मणी खिशातल्या छोट्या दुर्बिणीसारख्या मीटरच्या काचेवर चिरडून दाखवला. त्यांनी तो उन्हाकडे धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, “बावीस. अजून चार दिवस.” तो साखरेचा आकडा, ब्रिक्स. खायच्या द्राक्षाला सोळा-अठरा पुरतं, वाइनला बावीस-चोवीस लागतं, कारण त्या साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं. मग त्यांनी मणी खायला दिला. लहान, जाड सालीचा, आत बिया, आणि इतका गोड की ओठ चिकटले. तोडणी पहाटेच उरकतात, ऊन चढलं की मणी तापतात आणि रस बिघडायला लागतो. पाहायची तर सकाळी सातला बागेत हजर राहा.

गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर सुला, यॉर्क, सोमा या वाइनरी एकमेकींच्या जवळ आहेत. राजीव सामंत यांनी इथल्या जमिनीवर वेली लावल्या आणि २००० साली सुलाच्या पहिल्या वाइन बाजारात आल्या. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि पाहता पाहता नाशिकभोवती वाइनरी उभ्या राहिल्या. एका दिवसात दोनच बघा. तिसरीत जीभ थकलेली असते.

पहिल्यांदा चव घेणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. पेला देठाला धरा, हाताच्या उबेनं वाइन तापते. रंग बघा, हलकेच फिरवा, नाक आत घालून वास घ्या. मग छोटा घोट तोंडभर फिरवा. पांढऱ्या वाइनमध्ये आंबटपणा शोधा, तांबड्यात तुरटपणा. तो सालीतून येतो, तांबडी वाइन सालीसकट आंबवतात म्हणून. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये मला हिरव्या मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास येतो. शेनिन ब्लाँ ही दुसरी पांढरी, नाशिकला चांगली जमते आणि नवख्या जिभेला लवकर आवडते. तुम्हाला पेरूचा वास आला तर पेरू म्हणा. चव घेऊन थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काहीही गैर नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. जो चालवणार तो पिणार नाही, एक घोटही नाही. सहा वाइनची चव प्रत्येकी तीस मिलिलिटर घेतली तरी १८० मिलिलिटर होते, म्हणजे भरल्या पेल्याहून जास्त. कायद्यानं रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मला त्या रस्त्याची भीती जास्त वाटते: कांद्याच्या आणि द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संध्याकाळी मागचा दिवा नसताना चालतात. दोघांनाही चव घ्यायची असेल तर नाशिकहून चालकासकट गाडी ठरवा किंवा बागेतच मुक्काम करा. आम्ही असं करतो: वाइनरीत नवरा चव घेतो आणि मला काय आवडेल ते सांगतो. ती बाटली आम्ही विकत घेतो आणि घरी मी पिते.

ड्राय डे आधी बघून ठेवा, २ ऑक्टोबर आणि निवडणुकीचे दिवस हमखास बंद. वयाचा पुरावा सोबत ठेवा. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. त्या वर्षी पर्वणीच्या दिवसांत सहलीसाठी तिकडे गाडी नेऊच नका.

बाटल्या घेऊन परत

डिकीत उन्हात दोन तास ठेवलेली वाइन बिघडते. बाटल्या निघायच्या दिवशीच घ्या, वर्तमानपत्रात गुंडाळा, पुढच्या सीटच्या पायाशी एसीच्या हवेत ठेवा आणि बिल जवळ असू द्या. नाशिकहून सापुतारा अवघं ऐंशी किलोमीटर, म्हणून बरेच जण तिकडे वळतात. गुजरातेत दारूबंदी आहे, गाडीत एक बाटली असली तरी सीमेवर अडचण होते. सापुतारा करायचंच असेल तर आधी करा, बाटल्या नंतर घ्या.

परतीला इगतपुरीहून समृद्धी धरा. वेगमर्यादेचे फलक पाळा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून शेजारच्यानं जागं राहायचं. घरी आल्यावर बाटलीला दोन दिवस शांत पडून राहू द्या. शेनिन असेल तर दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, आणि साम्रदच्या मावशींसारखं लसूण घातलेलं पिठलं करा. ही जोडी मला कुणी सांगितली नव्हती, घरीच सापडली.